पितळ घासू नका

गेल्या अंकात मी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१ ते १८६५) दक्षिणेकडच्या छोट्या कारखान्यांवर लिहिलं होतं. कापसाची जिनं (सरकी काढायची यंत्रं) बनवणारे, तलवारी करणारे, गिरण्यांचे भाग ओतणारे लोक युद्ध पेटल्यावर रिव्हॉल्व्हर आणि रायफली करू लागले, त्यांची ती हकीकत होती. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतो. पहिल्या पत्राला जास्त जागा देतोय, कारण त्या बाईंच्या घरात ती वस्तू आत्ता टेबलावर पडलेली आहे आणि शेजारी पॉलिशची बाटली आहे.

नमस्कार काका. आम्ही मेकनजवळ राहतो. एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून आमच्या यांनी पितळी फ्रेमचं रिव्हॉल्व्हर घेतलं. विकणाऱ्याने 'ग्रिस्वोल्ड आहे, अस्सल' असं सांगितलं. फ्रेम पार काळी पडली आहे. यांनी ब्रासो आणून ठेवलंय, मी थांबवलंय. खरं की नकली, कसं ओळखायचं? आणि घासलं तर काय बिघडतं?
— एक वाचक, जॉर्जिया

ताई, थांबवलंत ते फार चांगलं केलंत. आता सगळ्यात आधी एक काम करा: ते भरलेलं नाही ना, ते बघा. सिलिंडरच्या मागच्या बाजूला सहा निपलं, म्हणजे बारीक नळकांडी असतात, त्यांवर ठिणगी देणाऱ्या तांब्याच्या बारीक टोप्या बसलेल्या आहेत का? मग टॉर्चच्या उजेडात सिलिंडरची पुढची तोंडं बघा. गोळीचं घर मोकळं असेल तर खोल काळोख दिसतो, शिशाची गोळी बसलेली असेल तर घर मध्येच बुजलेलं दिसतं. नळी कुणाच्याही दिशेला नको, घोडा ओढून बघायचा नाही, आत खिळा किंवा तार घालायची नाही. टोपी किंवा गोळी दिसली तर हात काढून घ्या आणि जुन्या काळ्या दारूच्या हत्यारांचं काम करणाऱ्या गनस्मिथला आधी फोन करा. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनंतरही पेटते.

आता ग्रिस्वोल्डविषयी. सॅम्युएल ग्रिस्वोल्ड मूळचे कनेटिकटचे, म्हणजे रिव्हॉल्व्हरसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्टच्याच राज्यातले. तरुणपणी ते जॉर्जियात आले आणि जिनं बनवून श्रीमंत झाले. मेकनच्या पूर्वेला दहाएक मैलांवर त्यांच्या कारखान्याभोवती गाव उभं राहिलं, ग्रिस्वोल्डव्हिल. १८६२ च्या सुरुवातीला गव्हर्नर जो ब्राऊन यांनी राज्यातल्या कारागिरांकडे भाले मागितले, कारण बंदुका नव्हत्याच. ग्रिस्वोल्डनी भाले केले. एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या हाती पडलं, तिथले आर्विन गनिसन इकडे आले आणि दोघांनी मिळून रिव्हॉल्व्हरचं काम सुरू केलं. नोव्हेंबर १८६४ पर्यंत सुमारे ३,६०० ते ३,७०० नग निघाले. दक्षिणेतल्या कोणत्याही खासगी कारखान्याने इतकी रिव्हॉल्व्हर केली नाहीत. तरीही आकडा केवढासा, ते कोल्टशी ताडून बघा. ज्या १८५१ च्या नेव्ही मॉडेलची ही नक्कल, ते कोल्टने दोन लाखांवर बनवलं.

तुमच्या हातातल्या वस्तूकडे येऊ. अस्सल ग्रिस्वोल्डवर कारखान्याचं नाव नसतं. नाव कोरलेलं असेल, त्यातही मोठ्या सुबक अक्षरांत 'सीएसए' (दक्षिणेच्या फुटीर राज्यांच्या संघाची आद्याक्षरं) वगैरे असेल, तर मला आनंद होण्याऐवजी संशय येतो. दुसरं, नळी. कोल्ट नेव्हीची नळी अष्टकोनी, ग्रिस्वोल्डची गोल. यामागे मला लेथवरचा माणूस दिसतो. आठ सपाट बाजू काढायच्या म्हणजे आठ वेळा तुकडा फिरवून यंत्रावर बांधायचा. गोल नळी लेथवर एका बांधणीत कातून होते.

तिसरी खूण माझी सगळ्यात आवडती, म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो. सिलिंडरचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात धरा आणि भिंगातून बघा. धातूत तिरकस वळत गेलेल्या बारीक रेघा दिसतात का? या लोकांकडे चांगलं पोलाद नव्हतं, घडीव लोखंड होतं. घडीव लोखंडात मळीचे, म्हणजे भट्टीतल्या काचेसारख्या मळाचे, धागे राहून जातात आणि सळई ठोकून लांबवली की ते धागे तिच्या लांबीच्या दिशेने पसरतात. अशा सळईत भोकं पाडून सहा घरं केली तर मळीचा धागा नेमका घराच्या पातळ भिंतीला समांतर येऊ शकतो आणि बार उडताना सिलिंडर तिथूनच उभं चिरतं. म्हणून त्यांनी सळई लाल तापवून दोरीसारखी पिळली. पिळल्यावर धागे तिरपे झाले, एकच धागा भिंतीच्या टोकापासून टोकापर्यंत जाईना. गंज आणि काळाने वरची कातडी खाल्ली की तो पीळ दिसायला लागतो. मी नोकरीभर टूलरूममध्ये काम केलं, पोलाद कंपनीच्या प्रमाणपत्रासकट हातात यायचं. वाईट मालातून चालणारी वस्तू काढायची ही अक्कल बघितली की मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. आजच्या एकसंध पोलादात असा पीळ नसतो. वरवर रेघा ओरखडून तो आणताही येत नाही, भिंगाखाली लगेच कळतं.

भिंग हातात आहेच, तर नळीच्या खालची बाजू, रॅमरच्या (गोळी घरात दाबायच्या) दांडीमागची जागा आणि फ्रेमच्या कडा तपासा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पिया या खोऱ्यात यादवी युद्धाच्या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती बनू लागल्या आणि पितळी फ्रेमची प्रतिकृती त्यांत अगदी सुरुवातीपासून आहे. प्रामाणिकपणे विकल्या तर त्यांत वाईट काहीच नाही. त्यांवर तिथल्या चाचणीघराचे ठसे असतात. 'पीएन' ही अक्षरं आणि वर तारा, म्हणजे काळ्या दारूची चाचणी झाली. लबाड माणूस हे ठसे कानशीने उडवतो, आम्लाने गंज चढवतो आणि जुनं म्हणून विकतो. उडवलेल्या ठशाच्या जागी धातू किंचित बसका लागतो. बोटाच्या पेराने कळतो, सरळ पट्टी आडवी लावली तर डोळ्यांनाही दिसतो. गंजाची वाटणीही बघा. हाताळलेल्या हत्यारात मूठ आणि घोड्याची बोटाखालची जागा झिजते आणि खाचाखोचा मळतात. आम्लाचा गंज सगळीकडे सारखा असतो, स्क्रूच्या आट्यांतसुद्धा.

अनुक्रमांक नळीवर, फ्रेमवर, सिलिंडरवर एकच असायला हवा. त्याशिवाय ग्रिस्वोल्डच्या भागांवर जुळणीच्या लहानशा खुणा ठोकलेल्या असतात. भाग एकमेकांत अदलाबदल होण्याइतके अचूक नव्हते. फिटरने कानस मारून एका नळीला एक फ्रेम जुळवली की ती जोडी चुकू नये म्हणून खूण केली. आणि आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर: घासलं तर हेच सगळं जातं. ठशांच्या कडा गोल होतात, कानशीचे वळ पुसतात, आणि अस्सल नमुन्यांतल्या पितळेचा तो तांबूस रंग वरच्या थराखाली कसा दिसतो हे ताडायला काही उरत नाही. मी एका हत्यारांच्या जत्रेत एक ग्रिस्वोल्ड बघितलं होतं. आरशासारखं चकचकीत, आणि अनुक्रमांकाच्या खोबणीत पॉलिशची पांढरी भुकटी बसलेली. आकडा धड वाचता येत नव्हता. मला ते अजून लागतं.

तुमचं अस्सल निघालं तर त्याची किंमत पाच आकडी डॉलरांत जाऊ शकते, म्हणून शेवटचा निवाडा माझ्या पत्रावर करू नका. भाग न सोडवता, जसं आहे तसं, एखाद्या संग्रहालयाच्या शस्त्रविभागाला किंवा या विषयातल्या जाणत्या मूल्यमापकाला दाखवा. क्ष-किरणांनी मिश्रधातूची चाचणी करता येते, त्यात धातूला ओरखडाही पडत नाही. आणि विकणाऱ्याकडून त्याला जे काही ठाऊक आहे ते सहीनिशी लिहून घ्या. 'अस्सल' हा शब्द नको, 'हे घरात केव्हापासून, कुणाकडे होतं' ते हवं.

सर, मी मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे. पितळ लोखंडापेक्षा कमजोर असताना फ्रेम पितळेची का केली? चर्चच्या घंटा वितळवून ही रिव्हॉल्व्हर केली असं वाचलं, ते खरं का?
— एक विद्यार्थी, अटलांटा

भट्टीपासून सुरुवात कर. पितळ साधारण ९०० ते ९४० अंश सेल्सिअसला वितळतं. पोलादाला १,४०० च्या वर जावं लागतं, आणि ते ओतून गुंतागुंतीचा भाग करणं त्या काळात जॉर्जियातल्या जिनाच्या कारखान्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. जिनासाठी पितळी बेअरिंगं लागतात, म्हणजे ओतकाम, साचे आणि हात तयार होते. ओतलेली पितळी फ्रेम घडीव लोखंडाच्या ठोकळ्यातून कोरण्यापेक्षा कितीतरी कमी वेळात होते आणि कानस, ड्रिल, कटर सगळं कमी झिजतं. उत्तरेच्या आरमाराने केलेल्या नाकेबंदीमुळे नवीन कटर येत नव्हते, तेव्हा हा हिशेब मोठा होता.

तोटा तू म्हणतोस तोच. कोल्टच्या रचनेत सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी नसते; नळी सगळी मधल्या दांड्यावर तोललेली. तो दांडा पितळेत बसवला की प्रत्येक बाराला पितळ थोडं थोडं ताणतं, सिलिंडर आणि नळीतली फट वाढत जाते. रिचमंडमध्ये सुरू होऊन पुढे अटलांटाला गेलेल्या स्पिलर अँड बर यांनी व्हिटनी या दुसऱ्या कारखानदाराचा नमुना घेतला, त्यात वर पट्टी असते. पितळच वापरायचं असेल तर मला तो निर्णय जास्त शहाणा वाटतो. त्यांच्या मागे जेम्स बर्टन होते, हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रकारखान्यात आणि इंग्लंडच्या एनफील्ड कारखान्यात काम केलेला माणूस. कोल्टचं मूळ पेटंट १८५७ मध्ये संपलं होतं, तेव्हा नक्कल कुणाची करायची हे तरी मोकळं होतं.

घंटांबद्दल: १८६२ च्या मार्चमध्ये दक्षिणेचे जनरल बोरगार्ड यांनी तोफांसाठी घंटा मागितल्या होत्या, हे खरं. पण ती हाक तोफांची. एखाद्या रिव्हॉल्व्हरची फ्रेम अमुक चर्चच्या घंटेची आहे असं कुणी सांगून जास्त पैसे मागितले तर कागद माग. घंटेच्या धातूत कथील भरपूर असतं, तो कडक आणि ठिसूळ असतो, तसाच्या तसा फ्रेमला चालण्यासारखा नाही.

तांब्याची खरी ओढाताण पुढे झाली. टेनेसीतल्या डकटाउनच्या खाणींचं तांबं क्लीव्हलंडच्या रोलिंग मिलमध्ये जायचं. ती मिल उत्तरेच्या घोडदळाने नोव्हेंबर १८६३ मध्ये जाळली. मग पर्कशन कॅपसाठी, म्हणजे निपलावरच्या त्या टोप्यांसाठी, पत्रा मिळेना. नॉर्थ कॅरोलायनातली टर्पेंटाईनची आणि सफरचंदी दारूची तांब्याची भांडी गोळा करून त्यांच्या टोप्या केल्या. टोपी नसेल तर रिव्हॉल्व्हर कितीही चांगलं असो, निरुपयोगी.

माझ्या मुलीला शाळेत या विषयावर लिहायचं आहे. तिला मिळालेल्या सगळ्या माहितीत 'दक्षिणेतले कुशल कारागीर' एवढंच आहे. हे कारागीर नेमके कोण होते?
— एक पालक, नॉर्थ कॅरोलायना

हा प्रश्न विचारल्याबद्दल मुलीचं माझ्याकडून कौतुक करा. ग्रिस्वोल्डव्हिलच्या रिव्हॉल्व्हर विभागात २४ कामगार होते असं सांगितलं जातं, त्यांपैकी २२ गुलाम होते. म्हणजे मी वर ज्या पिळाचं, कानशीच्या वळांचं, जुळणीच्या खुणांचं इतकं कौतुक केलं, ते बहुतेक सगळं काळ्या माणसांच्या हातचं. त्यांना मजुरी नव्हती. इतर ठिकाणी गुलाम मालकाकडून भाड्याने घेतले जात आणि भाडं मालकाच्या खिशात जाई. आणि ते जी हत्यारं बनवत होते, ती त्यांना गुलाम ठेवणारी व्यवस्था टिकवण्यासाठी होती.

संग्राहकांच्या लिखाणात अनुक्रमांकांवर पानंच्या पानं असतात आणि या माणसांवर एक ओळ. मला ते पटत नाही. सुट्या यंत्रांवर ज्यांनी दोन वर्षं रोज चार-पाच रिव्हॉल्व्हर पुरी केली, ते नुसते 'मनुष्यबळ' नव्हते, तयार फिटर आणि यंत्रकारागीर होते. ग्रिस्वोल्ड आणि गनिसन यांची नावं ठाऊक आहेत, यांची हत्याराच्या कोणत्याच भागावर नाहीत. तिने तिच्या निबंधात 'कारागीर' हा शब्द जरूर वापरावा, पण ते गुलाम होते हे त्याच वाक्यात लिहावं.

बायकांचाही उल्लेख तिला करता येईल. रिचमंडच्या ब्राऊन्स आयलंडवर काडतुसं भरायचं काम मुली आणि बायका करत. १३ मार्च १८६३ ला तिथे स्फोट झाला, चाळीसहून अधिक जणी गेल्या. कित्येक कोवळ्या वयाच्या पोरी होत्या.

आणि कारखान्याचं पुढे काय झालं, तेही तिला हवं असेल. २० नोव्हेंबर १८६४ ला उत्तरेचे जनरल शर्मन यांच्या घोडदळाने ग्रिस्वोल्डव्हिलचा कारखाना जाळला. दोनच दिवसांनी त्याच गावाजवळ जॉर्जियाच्या मिलिशियाने (राज्याच्या नागरी फौजेने), ज्यात म्हातारे आणि पोरं भरली होती, उघड्या शेतातून उत्तरेच्या कसलेल्या ब्रिगेडवर पुन्हा पुन्हा चाल केली. समोर काहींकडे सात बारांच्या स्पेन्सर रायफली होत्या. शेकडो पडले. मेकनजवळ ते रणांगण आज राखलेलं आहे, मुलीला घेऊन जा.

सर्वांत दुर्मीळ कोणतं? एक यादी द्याल का?
— एक संग्राहक, टेक्सस

यादी देत नाही, कारण दुर्मीळ म्हणजे मोलाचं असा हिशेब या विषयात फसवा आहे. जे कमी बनलं ते बहुधा नीट बनवता न आल्यामुळे कमी बनलं. कंत्राट आणि उत्पादन शेजारी ठेवून बघा. स्पिलर अँड बर यांनी नोव्हेंबर १८६१ मध्ये १५,००० रिव्हॉल्व्हरचा करार केला. सरकारने १८६४ मध्ये कारखाना विकत घेऊन मेकनला हलवला तिथे झालेली धरूनही एकूण दीड हजाराच्या आसपास झाली. जॉर्जियातल्या कोलंबसचे हेमन बंधू तलवारींमध्ये नाव कमावलेले. त्यांचं कंत्राट १०,००० चं, झाली शंभरएक. पोलाद नाही, यंत्रं नाहीत, आणि शिकलेला कामगार हाताशी आला की सैन्य त्याला घेऊन जाई.

तुमच्या राज्यातलं डान्स बंधूंचं काम मात्र जवळून बघण्यासारखं आहे. ब्राझोरिया काउंटीतल्या या भावांच्या कारखान्यात गिरण्या आणि जिनं बनत. त्यांच्या रिव्हॉल्व्हरची फ्रेम बाजूंनी सपाट आहे, निपलांच्या मागे कोल्टसारखा गोल फुगवटा नाही. एक आकार कमी, म्हणजे तेवढं यंत्रकाम कमी. एकूण काही शेच नग झाले. व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथच्या थॉमस कोफर यांना दक्षिणेच्या सरकारचं नऊ नंबरचं पेटंट मिळालं, १२ ऑगस्ट १८६१ ला. मे १८६२ मध्ये ते गाव उत्तरेकडे गेलं आणि काम थांबलं. कोफरची आज ठाऊक असलेली रिव्हॉल्व्हर वीसच्या आत आहेत. ते कुणी तुम्हाला सहज विकायला आलं, तर घाई करू नका.

रायफलींत रस असेल तर कुक बंधूंकडे वळा. हे दोघे इंग्रज न्यू ऑर्लिन्सहून निसटून जॉर्जियातल्या अथेन्सला आले आणि तिथे त्यांनी एनफील्डच्या धर्तीवर फार नेटकं काम केलं. मला तर सगळ्या खासगी कारखान्यांत त्यांचंच काम उजवं वाटतं. थोरला फर्डिनंड आपल्याच कामगारांची बटालियन घेऊन लढायला गेला आणि डिसेंबर १८६४ मध्ये सव्हानाच्या बाजूला मारला गेला. कारखान्याची इमारत अजून उभी आहे.

वडिलांकडून आलेलं असं एक रिव्हॉल्व्हर घरात आहे, जुन्या चामडी म्यानात. परवाना लागतो का? आणि ठेवायचं कसं?
— एक वाचक, ओहायो

१९६८ च्या संघराज्याच्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार 'अँटिक' धरलं जातं आणि आधुनिक बंदुकीचे नियम त्याला लागू होत नाहीत. राज्यांचे आणि शहरांचे नियम वेगळे असू शकतात, तेवढे तुमच्या गावचे विचारून घ्या. उडवून बघायचा मोह मात्र नको. ताणलेलं पितळ आणि मळीचं लोखंड यांवर कुणीही भरवसा ठेवू नये. हौस असेल तर त्यासाठी प्रतिकृती घ्या.

म्यानातून ते आजच काढा. कातडी कमावताना वापरलेली आम्लं पितळ खातात, हिरवा चिकट थर येतो तो त्याचाच. हातमोजे घालून मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा आणि संग्रहालयं वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावा. तळघरात किंवा माळ्यावर ठेवू नका; हवेतला ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहील अशी आतली खोली बरी. म्यान टाकून देऊ नका, तेही त्याच काळातलं असू शकतं. त्याला आम्लविरहित कागद भरून वेगळ्या खोक्यात ठेवा आणि दोन्ही खोक्यांवर एकच नंबर घाला.